हुकूम बंद की कट? क्षमतांच्या आकड्यांचे घरचे नियम

मेंढीकोटचा डाव मांडण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावाच लागतो: हुकूम बंद की कट? प्रत्येक घरचा कायदा वेगळा. मिरजेहून आलेल्या पाहुण्याने तो आधी विचारला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या हाताला वादावादी ठरलेली. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून सोंग घेऊन गोष्ट रचायच्या खेळात ही वेळ कॅरेक्टर, म्हणजे आपलं पात्र, बनवतानाच येते. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, समज आणि छाप या सहा क्षमतांचे आकडे, म्हणजे स्कोअर, काढायचे कसे? फासे टाकून, गुण विकत घेऊन, की पुस्तकातली तयार रांग उचलून?

टेबलावर सगळ्यात आधी सुचणारा घरचा नियम ठरलेला असतो: आकडे जरा वाढवूया. १ पडला तर परत टाका, रांग वाईट आली तर परत टाका, पाच फासे टाकून दोन सोडा. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लहान आकड्यांमुळे खेळ सहसा बिघडत नाही. बिघडतो तो दोन कारणांनी. एक, शेजारी-शेजारी बसलेल्या दोन खेळाडूंच्या रांगांत फार अंतर असतं. दोन, सहापैकी दोन-तीन क्षमतांना खेळात कामच नसतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही.

आधी आकडेमोड

सहा बाजूंचे चार फासे टाकायचे आणि सर्वांत लहान सोडून द्यायचा, ही रूढ पद्धत. तिच्यात एका स्कोअरची सरासरी १२.२४ येते आणि सहांची बेरीज सरासरी ७३.५. पण ही बेरीज ७ गुणांनी इकडे-तिकडे सहज सरकते. टेबलावर पाच जण असतील तर सर्वांत वरची आणि सर्वांत खालची बेरीज यांत सरासरी १६ गुणांचं अंतर पडतं. एखाद्याचं नशीब फुटकं म्हणून हे होत नाही, पद्धतीचा स्वभावच तसा आहे. निदान एक १८ मिळण्याची शक्यता एका खेळाडूला ९.३ टक्के आहे, आणि पाच जणांत कुणाला तरी मिळण्याची ३९ टक्के. ७ किंवा त्याखालचा निदान एक स्कोअर गळ्यात पडण्याची शक्यता जवळजवळ ३० टक्के.

आता १ पडला की तो फासा परत टाकायचा, हा सगळ्यांचा लाडका नियम लावून बघा. सरासरी १३.४३ होते, बेरीज ८०.६ वर जाते, १८ ची शक्यता १५.३ टक्के होते. पाच जणांतलं अंतर मात्र १६ वरून जेमतेम १३-१४ वर येतं. सगळ्यांची उंची वाढली, बुटका बुटकाच राहिला, आणि डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) राक्षस बळकट करावे लागले ते वेगळंच.

या अंतराचा टेबलावर अर्थ काय, ते दोन रांगांवर बघू. पहिली: १८, १६, १५, १४, १२, १०. दुसरी: १४, १३, ११, १०, ९, ७. बेरजा ८५ आणि ६४. मॉडिफायर म्हणजे स्कोअरवरून ठरणारा, फाशावर पडलेल्या आकड्यात मिळवायचा अधिक-उणे आकडा. त्यांची बेरीज पहिलीत १२, दुसरीत शून्य. दोघांनीही लढवय्या केला आणि वरच्या स्कोअरला २ चा बोनस दिला, तर ताकद २० आणि १६. पहिल्या लेव्हलला प्रोफिशिअन्सीचे (सरावाचे) २ धरून एसी १५ च्या, म्हणजे वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर मिळवणीसह १५ गाठावे लागणाऱ्या, शत्रूवर पहिल्याचा वार ६५ टक्के वेळा लागतो, दुसऱ्याचा ५५ टक्के. लाँगसोर्डचं सरासरी नुकसान ९.५ विरुद्ध ७.५. क्रिटिकल (२० पडल्यावरचं जादा नुकसान) बाजूला ठेवलं तर दर वाराला ६.२ विरुद्ध ४.१, म्हणजे सरळ दीडपट. तेच हत्यार, तोच क्लास (पात्राचा पेशा), तीच लेव्हल. दुसऱ्याने कितीही डोकं लढवलं तरी ही तूट त्याच्या मागे महिनोन्‌महिने चालते.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत यावर पुस्तकातच पळवाट होती. मॉडिफायरांची बेरीज शून्य किंवा कमी असेल, किंवा सर्वांत मोठा स्कोअर १३ किंवा त्याखाली असेल, तर रांग टाकून द्या. वरचा ६४ वाला यातून सुटतो. बेरीज १ आलेला बिचारा अडकतो.

तक्ता चपटा करा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात तीन फासे टाकायचे आणि पडेल त्या क्रमाने लिहायचे. आज ते क्रूर वाटतं, पण तेव्हा स्कोअरला फारसं कामच नव्हतं. चपळाई १२ च्या वर असली तर फेकायच्या-सोडायच्या हत्याराला १ मिळायचा, काटकपणा १५ असला तर हिट पॉइंट (जीवाचे गुण) ठरवणाऱ्या दर हिट डाइसमागे १, आणि मुख्य क्षमता चांगली असली तर अनुभवाच्या गुणांत ५-१० टक्के वाढ. बास. चार फाशांची पद्धत १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आली. त्या आवृत्तीच्या तक्त्यांत बरीचशी बक्षिसं १५ च्या आसपास किंवा त्यापुढे सुरू होत, तेव्हा मोठे आकडे लागणारच. मग २००० साली सरळ सूत्र आलं: स्कोअरमधून १० वजा करा, निम्मे करा, अपूर्णांक खाली सोडा. तक्ता बदलला, चार फासे तसेच राहिले. आजच्या दरीचं मूळ तिथं आहे. पद्धत आणि तक्ता एकमेकांना धरून असतात. एकाला हात लावला की दुसऱ्याकडे बघावंच लागतं.

त्यामुळे ज्यांना फासे टाकण्याची मजा सोडवत नाही, त्यांनी फाशांना हात न लावता तक्ता बदलावा. १९८१ च्या बेसिक आवृत्तीचा तक्ता अजून उत्तम चालतो. ३ ला उणे ३, ४-५ ला उणे २, ६ ते ८ ला उणे १, ९ ते १२ ला शून्य, १३ ते १५ ला अधिक १, १६-१७ ला अधिक २, १८ ला अधिक ३. हा तक्ता १८ लाच थांबतो, म्हणून आजच्या पाचव्या आवृत्तीसाठी १९-२० ला अधिक ४ जोडून घ्या. मघाच्या दोन रांगा यात घातल्या तर १२ विरुद्ध शून्यच्या जागी ७ विरुद्ध १ येतं. फासे तेच, दरी निम्मी.

याची किंमत आहे. १६ वाल्याचा वार ५५ वरून ५० टक्क्यांवर येतो, मंत्रांचा सेव्ह डीसी (मंत्रापासून वाचायला शत्रूने गाठायचा आकडा) एकाने उतरतो, हिट पॉइंट कमी होतात. पहिल्या तीन लेव्हलांत राक्षसांचा एसी एकाने कमी धरला की गाडी रुळावर राहते. दुसरी अडचण किरकोळ पण त्रासदायक: मोबाइलवरच्या कॅरेक्टर शीटा स्वतःच सूत्र लावतात आणि हा तक्ता ऐकत नाहीत. कागदी शीट आणि पेन्सिल लागेल.

फाशांचं म्हणाल तर लुडोबरोबर येणारे छोटे फासे गुळगुळीत कोपऱ्यांचे आणि हलके असतात. संशय असेल तर एक फासा ३०० वेळा टाकून मोजा. प्रत्येक आकडा ५० च्या आसपास यायला हवा. एखादा ३५ च्या खाली किंवा ६५ च्या वर गेला तर आणखी ३०० टाका, आणि तोच आकडा पुन्हा तसाच वागला तर तो फासा लुडोच्या डब्यात परत. चल्लस-आठच्या कवड्या वापरायची कल्पना गोड आहे, पण कवडी उलटी-सुलटी पडण्याचं प्रमाण सारखं नसतं, आणि प्रत्येक कवडीचं वेगळं असतं.

पत्त्यांचा कॅट

पाच-सहा जणांच्या टेबलासाठी सगळ्यांत निकोप उपाय पत्त्यांचा आहे. नशिबाची गंमत राहते आणि बेरीज सगळ्यांची तीच. घरात एक जुना कॅट असतोच, राजा-राणी हरवलेले असले तरी चालतात.

एका कॅटमधून १८ पत्ते काढा: चारही छक्क्या, चारही पंज्या, चारही चौक्या, दोन तिर्र्या, दोन दुर्र्या आणि दोन एक्के. एक्का म्हणजे १. बेरीज करून बघा, बरोबर ७२ येते. पुस्तकातली तयार रांग १५, १४, १३, १२, १०, ८ हिची बेरीजही ७२ च आहे. पत्ते पिसायचे, तीन-तीनचे सहा ढीग पालथे वाटायचे, मग एकेक उघडायचा. प्रत्येक ढिगाची बेरीज म्हणजे एक स्कोअर. क्रम ठरलेला असावा की खेळाडूने हवा तसा लावावा, हे टेबलाने ठरवावं. सगळ्यांनाच पॅलाडिन (धर्मयोद्धा) करायचा असेल तर ठरलेला क्रम आणि दोन स्कोअरांची एक अदलाबदल, हा तोडगा बरा. त्यातून कुणाच्या मनातही नसलेली कॅरेक्टरं निघतात.

चढ-उतार फाशांसारखाच राहतो. एखाद्या ढिगात १६ किंवा जास्त येण्याची शक्यता ९.३ टक्के, ७ किंवा कमी येण्याची ५.१ टक्के. चार फाशांत हाच खालचा आकडा ५.७ टक्के आहे. सहा ढिगांत कुठे तरी १८ निघण्याची शक्यता २.९ टक्के, आणि सर्वांत वाईट स्कोअर ४ पडण्याची १.५ टक्के. फरक इतकाच की एका ढिगात तीन छक्क्या गेल्या की बाकीच्या पाच ढिगांना एकच छक्की उरते. ज्याला १८ मिळाला त्याने त्याची किंमत त्याच रांगेत मोजलेली असते.

चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली, पिसण्यात. आधीच्या खेळाडूचे ढीग मोठ्यापासून लहान असे लावलेले असतात, ते तसेच उचलून वरवर पिसले की छक्क्या एकत्र राहतात. अठराच पत्ते आहेत, हातात पिसण्यापेक्षा सतरंजीवर पालथे पसरून दोन्ही हातांनी अर्धा मिनिट कालवा. दुसरी, सवलतीत. 'एक पत्ता बदलू द्या ना' हे ऐकायला साधं आहे, पण चांगल्या ढिगातला एक्का देऊन वाईट ढिगातली छक्की घेतली की १३ चे १८ होतात. सवलत द्यायचीच असेल तर दोन पत्त्यांतला फरक २ पेक्षा जास्त नसावा. तिसरी चूक म्हणजे एकाच वेळी सगळ्यांना वाटणं. एका कॅटमध्ये छक्क्या चारच, त्यामुळे एकाने आकडे लिहून पत्ते परत दिल्याशिवाय दुसऱ्याची पाळी नाही.

मोहीम सोपी-अवघड करायची तर पत्ते बदला. दुर्रीच्या जागी तिर्री घातली की सगळ्यांची बेरीज ७३. दोन छक्क्या काढून कॅटमधल्या उरलेल्या दोन तिर्र्या घातल्या की ६६, आणि वासोट्याच्या जंगलात हरवलेल्या गावकऱ्यांची गोष्ट खेळायला तेवढे पुरतात.

पत्ते नको असतील तर सामाईक रांग. पाच खेळाडू आणि डीएम मिळून प्रत्येकाने एकदाच चार फासे टाकायचे. सहा आकडे झाले, तीच रांग सगळ्यांची, लावायचा क्रम ज्याचा त्याचा. बेरीज ६६ ते ८० मध्ये आली तर ठेवायची, नाहीतर सगळी परत. दहापैकी सातदा पहिल्याच फेरीत काम होतं.

गुण विकत घेण्याच्या पद्धतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ८ फुकट, तिथून १३ पर्यंत प्रत्येक पायरीला १, १४ आणि १५ ला दोन-दोन, एकूण २७ गुण. एवढाच बदल सुचवेन: एकच १६ घेता यावा, १२ गुणांना. दोन १६ ची मुभा दिली की २४ गुण तिथेच जातात आणि उरलेल्या तिनांत ११, ८, ८, ८ अशी लंगडी माणसं जन्माला येतात.

बिनकामाच्या क्षमता

दुसरं दुखणं आकडे कसेही काढले तरी राहतंच. ते मोजायची रीत सोपी आहे: सलग तीन खेळांत डीएमने कुठल्या क्षमतेचा चेक (काम जमतंय का, याचा फासा) किंवा सेव्ह (संकटातून वाचण्याचा फासा) किती वेळा मागितला, याच्या वहीत उभ्या रेघा मारा. चपळाईच्या रेघा सर्वांत लांब जाण्याचीच शक्यता जास्त. एसी, इनिशिएटिव्ह (लढाईत आधी कोण, याचा क्रम), धनुष्य, हलकी हत्यारं, लपणं, आगीच्या गोळ्यातून सटकणं, सगळं तिच्याकडे. बुद्धीचे सेव्ह क्वचितच लागतात. ज्याला मंत्रांसाठी बुद्धी लागत नाही तो तिथं ८ टाकून मोकळा होतो, आणि हिशेबाने त्याचं बरोबरच असतं.

नियम बदलण्याआधी प्रसंग बदलून बघा. सांगलीजवळ हरिपूरची हळद साठवायची जुनी पेवं प्रसिद्ध आहेत: जमिनीत खोल खणलेली, वर माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड. डंजनला याहून चांगला मराठी शब्द शोधून सापडायचा नाही. समजा चोरीचा माल अशा एका पेवात आहे. तोंडावरची शिळा सरकवायला आणि नंतर बेशुद्ध सोबत्याला दोराने वर घ्यायला ताकद, डीसी (गाठायचा आकडा) १५. आत कोंडलेली हवा, म्हणून दर मिनिटाला काटकपणाचा सेव्ह, डीसी १० पासून सुरू आणि दर वेळी एकाने वर. हातातल्या कंदिलाची ज्योत बारीक होतेय हे वेळेत ध्यानात यायला समज, डीसी १२. लिंपणावरून शेजारचं पेव कुठल्या भिंतीपलीकडे असणार हे ताडायला बुद्धी, डीसी १३, आणि तो रस्ता कळला तर परत वर चढायचं संकटच टळतं. वर उभ्या राखणदाराला 'अडत्याने माप बघायला पाठवलंय' हे पटवायला छाप. चपळाईला आवाज न करता उतरणं एवढंच काम. बुद्धीच्या चेकचं फळ माहितीपुरतं ठेवू नका, त्याने जीव, वेळ किंवा पैसा वाचला पाहिजे. नुसता इतिहास ऐकायला मिळणार असेल तर पुढच्या कॅरेक्टरलाही बुद्धी ८ च असेल.

एवढं करूनही रेघा तशाच राहिल्या, तर नियम. इनिशिएटिव्हसाठी चपळाई किंवा बुद्धी, यांतलं एक कॅरेक्टर बनवतानाच ठरवायचं आणि पुन्हा बदलायचं नाही. अशाच एका खेळाच्या, पाथफाइंडरच्या, २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत इनिशिएटिव्ह बहुतेक वेळा निरीक्षणावर, म्हणजे समजेवर चालतं, पण पाचव्या आवृत्तीत समजेकडे आधीच भरपूर काम आहे. बुद्धीवर मंत्र टाकणाऱ्या विझार्डला हा नियम फुकटचा लाभ देतो, हे मान्य. त्याचे हिट पॉइंट पाहता पहिल्या फेरीत तो आधी पळाला तर बिघडलं काय?

दुसरा नियम: बुद्धीच्या प्रत्येक अधिक मॉडिफायरमागे एक जादा भाषा किंवा एखाद्या अवजाराची प्रोफिशिअन्सी. स्किल (कौशल्य) मात्र देऊ नका. तिसऱ्या आवृत्तीत बुद्धीवरून दर लेव्हलला स्किलचे गुण मिळायचे आणि म्हणून तिथं बुद्धी टाकून देणं महागात जायचं. पाचव्यात तीच सोय परत आणली तर रोग (चोरटा) आणि बार्ड (शाहीर) यांची खासियत बाकीच्यांना फुकट मिळते. (रोग हा क्लास मराठीत नावानेच बदनाम झालाय, त्यात आणखी भर नको.)

तिसरा नियम ताकदीसाठी, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो. पुस्तकात ताकदीच्या १५ पट पौंड वजन वाहून नेता येतं, म्हणजे ताकद १५ असेल तर २२५ पौंड, साधारण १०२ किलो. एवढी मोठी मर्यादा कुणी मोजत नाही. त्याऐवजी जागा मोजा. ताकदीचा स्कोअर जेवढा तेवढ्या जागा. जड चिलखत ४, मध्यम ३, हलकं १. ढाल १, एका हाताचं हत्यार १, दोन हातांचं २. पन्नास फूट दोर १, तीन दिवसांचा शिधा १, पाच मशाली १. ताकद १६ चा लढवय्या जड चिलखत, ढाल, तलवार, भाले, दोर, शिधा आणि मशाली घेऊन १० जागा भरतो, लुटीला ६ उरतात. ताकद ८ च्या विझार्डने खंजीर, मंत्रांची वही, साहित्याची थैली आणि शिधा घेतला की ४ उरतात, आणि सोन्याची मूर्ती कुणाच्या पाठीवर द्यायची ही चर्चा आपोआप सुरू होते. मर्यादेपुढे पाच जागांपर्यंत वेग १० फुटांनी कमी, त्यापुढे हलायचं नाही. यात आणखी एक फायदा आहे: १२ आणि १३ चा मॉडिफायर एकच असल्याने विषम आकडा एरवी पडून राहतो, इथे त्या एका गुणाची एक जागा मिळते. पाथफाइंडरने २०२३ च्या सुधारित पुस्तकांत स्कोअरच काढून फक्त मॉडिफायर ठेवले, तो दुसरा मार्ग. तो साफसूफ आहे, पण ताकद १७ लिहिण्यातली ऐट जाते.

आता दोन नियम जे सुचतील, पण करू नयेत. पहिला, कुस्तीची पकड चपळाईवर. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. तेव्हा कुस्ती नुसत्या ताकदीची असते असं साताऱ्याच्या तालमीत कुणी म्हणणार नाही, आणि खरंही नाही. पण ज्या चपळाईकडे आधीच सहा कामं आहेत तिला सातवं देऊन ताकदीचं उरलंसुरलं कामही काढून घ्यायचं, हा उलटा न्याय झाला. डाव-पेच दाखवायचेच असतील तर पकड घेणं ताकदीने आणि ती सोडवणं हवं तर चपळाईने, हे पुस्तकात आधीच आहे.

दुसरा, हलक्या हत्याराने वार चपळाईवर पण नुकसान ताकदीवर. तिसऱ्या आवृत्तीत साधारण असंच होतं. पाचव्यात पहिल्या लेव्हलच्या रोगचा हिशेब करा. चपळाई १६, ताकद ८, हातात रेपियर (बारीक तलवार), स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा जादा फासा) लागू. आधी ४.५ अधिक ३ अधिक ३.५, म्हणजे ११. नव्या नियमाने ४.५ उणे १ अधिक ३.५, म्हणजे ७. एका फटक्यात ३६ टक्के घट, आणि ती अशा क्लासची ज्याच्याबद्दल कुणाची तक्रारच नव्हती.

नावं

क्षमतांची मराठी नावं ठरवणं हाही घरचा नियमच आहे, कारण नावावरून खेळाडू काय करू बघतो ते ठरतं. स्ट्रेंथला ताकद, डेक्स्टेरिटीला चपळाई, यात वाद नाही. कॉन्स्टिट्यूशनला 'दम' म्हणायचा मोह होतो, पण 'दम काढ', 'दम दिला', 'दम लागला' या तिन्हींतून टेबलावर नुसता गोंधळ उडतो. काटकपणा बरा. इंटेलिजन्सला बुद्धी आणि विज्डमला शहाणपण लिहिलं तर दोन्ही एकच वाटतात. विज्डमचे चेक बहुतेक वेळा चाहूल, माणसाची पारख आणि मनाचा टणकपणा यांचे असतात, त्याला 'समज' जवळचा शब्द. करिष्मा हा शब्द मराठीत रुळलेला आहे, तरी तो चेहऱ्याशी जोडला जातो. 'छाप' म्हटलं की दरडावणं, मनवणं, थाप मारणं, सगळं त्यात बसतं. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत छाप ८ ठेवून शाहीर करायला निघालेल्याला मात्र कुठलाही नियम वाचवणार नाही.

नियम बसल्यावर जिथं फाटतं

पहिली जागा, दोन पुस्तकांची मिसळ. २०१४ च्या पुस्तकात बोनस वंशावरून मिळतो, २०२४ च्या पुस्तकात पार्श्वभूमीवरून. वंश जुन्या पुस्तकातला आणि पार्श्वभूमी नव्यातली घेतली की दोन्ही बोनस लिहिले जातात, बहुतेकदा अजाणतेपणी. बोनस एकदाच, एकूण ३, आणि तो पार्श्वभूमीतून, असं ठरवून टाका.

दुसरी, सुरुवातीची कमाल. गुण विकत घेताना १५ आणि बोनस मिळून १७ च्या वर जाता येत नाही. पत्त्यांनी किंवा फाशांनी २० पर्यंत जाता येतं, आणि मग चौथ्या लेव्हलला बाकीचे स्कोअर वाढवत असताना तो खेळाडू थेट फीट (खास कसब) उचलतो. दरी मागच्या दाराने परत आली. बोनस धरून १८ ही कमाल ठेवा आणि वर जाणारा प्रत्येक गुण त्याच रांगेतल्या सर्वांत लहान स्कोअरात टाका.

तिसरी, जादूच्या वस्तू. गाँटलेट्स ऑफ ओगर पॉवर हे जादूचे हातमोजे घातले की ताकद सरळ १९ होते. हेडबँड ऑफ इंटलेक्ट ही डोक्याची पट्टी बुद्धीचं तेच करते. ज्याने ताकद ८ ठेवून ते गुण दुसरीकडे वळवले त्याला ११ गुणांचा लाभ, ज्याने इमानदारीत १६ ठेवली त्याला ३ चा. 'काय लगा, मी उगाच ताकद वाढवली' हे ऐकायची वेळ नको असेल, तर या वस्तूंनी २ गुण वाढावेत आणि कमाल २० असावी. तिसऱ्या आवृत्तीत ते गाँटलेट २ च वाढवायचे. जागांचा नियम लावला असेल तर हा बदल हवाच, नाहीतर ८ ताकदीचा विझार्ड एका रात्रीत हमाल होतो.

कॉल ऑफ कथुलूसारख्या टक्क्यांच्या खेळात यातलं बरंचसं लागू नाही. सातव्या आवृत्तीत तीन फाशांची बेरीज पाचाने गुणतात आणि चेक टाकताना शंभरापैकी आकडा थेट तेवढा किंवा त्याखाली पडायचा असतो, त्यामुळे विषम आकडा वाया जाण्याचा प्रश्नच येत नाही. पत्त्यांची पद्धत तिथेही चालते, मात्र बुद्धी, शिक्षण आणि आकारमान या तिघांसाठी मूळ नियम दोन फासे अधिक ६ असा आहे. त्या तिघांसाठी वेगळे पत्ते काढावे लागतात.

उरला उशिरा आलेला किंवा कॅरेक्टर मेलेला खेळाडू. त्याला नवी पद्धत नको. तेच १८ पत्ते, सगळ्यांसमोर पालथे कालवलेले, तीच कमाल, तोच बोनस. घरून टाकून आणलेली रांग घेऊ नका. घरी टाकलेले फासे नेहमी चांगलेच पडतात.